औषध क्रीममध्ये का नको?

सौंदर्यप्रसाधनांविषयी शिकवताना आपली एक ठरावीक रीत असते. घातक रसायनांची यादी द्यायची आणि शेवटी 'नैसर्गिक तेच वापरा' असा उपदेश करायचा. ही मांडणी सोपी आहे, पण विज्ञान म्हणून अपुरी आहे. युरोपात प्रसाधनांसाठी निषिद्ध ठरवलेल्या पदार्थांच्या यादीत पारा आहे, तशीच प्रतिजैविके, स्टेरॉइड्स आणि ॲट्रोपीनही आहेत. ही रोजच्या वापरातली, उपयुक्त औषधे आहेत. ॲट्रोपीन तर धोतऱ्यातही सापडते, म्हणजे नैसर्गिकच!

मग बंदी का? औषधाला चार मर्यादा असतात : ठरावीक रोग, ठरावीक मात्रा, ठरावीक मुदत आणि डॉक्टरांची देखरेख. प्रसाधनाला यांपैकी एकही नसते. निरोगी माणसे ते हवे तेवढे, वर्षानुवर्षे लावतात. तान्ह्या बाळांनाही लावतात.

याचे भयंकर उदाहरण १९७२ साली फ्रान्समध्ये घडले. हेक्साक्लोरोफीन हे जंतुनाशक बाळांच्या एका पावडरीत चुकून सहा टक्क्यांहून अधिक मिसळले गेले. नाजूक, लाल झालेल्या कातडीतून ते शरीरात शिरले आणि त्याने मज्जासंस्थेवर घाला घातला. २०४ मुले आजारी पडली. त्यांतली ३६ दगावली. त्यानंतर १९७५ साली फ्रान्सने प्रसाधनांसाठी कायदा केला आणि १९७६ साली युरोपीय समुदायाचे समान नियम आले.

आपल्याकडे अडचण दुसऱ्या दाराने येते. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड यांचे मिश्रण डॉक्टर वांगाच्या डागांवर काही आठवडे देतात. लोक तेच मलम गोरे होण्यासाठी महिनोन्‌महिने चोळतात. कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या येतात. थांबवले की चेहरा लाल होऊन जळजळतो, म्हणून पुन्हा तेच लावले जाते. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांत, म्हणजे अनुसूची 'एच'मध्ये आणली. परंतु औषध प्रसाधनासारखे वापरले गेले, तर प्रसाधनांवरची बंदी तिथे पोचत नाही.

म्हणून वर्गात याद्या पाठ करून घेण्याऐवजी घरच्या रिकाम्या ट्यूब जमवाव्यात. प्रत्येक ट्यूबबद्दल मुलांनी चार प्रश्न विचारावेत : हे कशासाठी? किती? किती दिवस? कोणाच्या सांगण्यावरून? 'अनुसूची एच'चा इशारा असलेली ट्यूब आरशापाशी सापडली, तर पुढची चर्चा मुले स्वतःच सुरू करतील.