पडदा, फळा आणि संशय

पत्रिकेवर आजचा विषय 'वर्गाध्यापनात बहुमाध्यम तंत्रज्ञानाचा वापर' असा छापला आहे. यातल्या 'वापर' या शब्दापाशीच आम्हाला थोडं थांबायचं आहे. वापर करतो कोण? शिक्षक बटण दाबतात, पडदा बोलतो, मुलं बघतात. मुलांच्या वाट्याला आलेलं क्रियापद तेवढं एकच. आमची तक्रार आहे ती या क्रियापदाबद्दल.

या तंत्रज्ञानाकडून बाळगलेली आशा काही नवी नाही. चलचित्रं आली, आता शाळेतली पुस्तकं लवकरच बाद होणार, असं भाकीत थॉमस एडिसन यांनी १९१३ सालीच केलं होतं. आपल्याकडे १९७५-७६ मध्ये 'साइट' प्रयोगात उपग्रहाच्या मदतीनं सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. आज तीही उरलेली नाही. आता पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आले. प्रत्येक वेळी यंत्र नवं, भाषणं मात्र तीच.

अमेरिकेतले शिक्षणशास्त्रज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये एक दाखला दिला. किराणा आणणारा ट्रक बदलला म्हणून काही घरातल्यांचं पोषण बदलत नाही, तसंच माध्यमाचं. दाखला झकास आहे, पण आम्हाला तो अर्धाच पटतो. ट्रक घाई करत नाही. पडदा करतो. माध्यम काय आणतं याच्याइतकंच ते विद्यार्थ्याला किती वेळ देतं हे पाहायला हवं.

प्लेटोचा 'मेनो' हा संवाद आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. त्यात सॉक्रेटीस एका अशिक्षित गुलाम मुलाला जमिनीवर चौरस काढून दाखवतो. बाजू दोन फूट, क्षेत्रफळ चार. मग विचारतो, दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस हवा, तर बाजू केवढी घ्यायची? मुलगा बेधडक सांगतो, बाजू दुप्पट करा. काढून बघतात तर सोळा होतात! हवेत आठ. मग म्हणतो, तीन. तर नऊ. आता मुलगा गप्प होतो, म्हणतो, मला नाही ठाऊक. सॉक्रेटीस इथं मेनोकडे वळून सांगतो की हा गोंधळ मुलाच्या फायद्याचाच आहे, कारण आता तो शोधू लागेल. त्यानंतर कर्ण पुढे येतो.

आता हाच भाग आजच्या चलचित्रफितीत बघा. रंगीत चौरस येतो, मागं संगीत, कर्ण झळकतो, चार त्रिकोण सरकत जाऊन बसतात, आठ. मिनिटभरात काम फत्ते. मुलं टाळ्याही वाजवतात, आणि का वाजवू नयेत? दिसायला सुंदरच असतं ते. पण सोळा आणि नऊ कुठं गेले? चुकीची दोन उत्तरं फितीत नाहीतच. मुलाला चुकायला जागाच ठेवलेली नाही, आणि चुकल्यावाचून ते कर्ण शोधायला कशाला जाईल?

आमच्या शास्त्रात सांगायचं तर, गौतमाच्या न्यायसूत्रात सोळा पदार्थ सांगितले आहेत. प्रमाण, प्रमेय, आणि लगेच तिसरा संशय. नंतर प्रयोजन, मग दृष्टान्त, त्यानंतर कुठं सिद्धान्त. दृष्टान्त म्हणजे काय? ज्या गोष्टीबद्दल साधा माणूस आणि परीक्षक या दोघांची बुद्धी एकसारखी चालते, ती. पडद्यावरचं चित्र फार तर दृष्टान्त आहे. वर्गात त्याला सिद्धान्ताच्या खुर्चीवर बसवलं जातं, आणि संशय बाहेरच्या बाहेर वाटेला लावला जातो.

महाविद्यालयांची स्थिती काही वेगळी नाही, बरं का. तिथं स्लाइड येते, मोबाइल वर होतात, फोटो निघतो, स्लाइड जाते. फळ्यावर लिहिणारा प्राध्यापक निदान हाताच्या वेगानं पुढं जाई, आणि विद्यार्थ्याचं डोकं त्याच्याबरोबर चालू शके. अर्थात आम्ही फळ्याचेही भक्त नव्हे. फळ्यावरून वहीत उतरवून घेण्यात पिढ्यान्‌पिढ्या झोपल्या, तेही आम्ही पाहिलंय.

मग पडदा नकोच का? असं कोण म्हणतं? हृदयाच्या झडपा कशा उघडतात-मिटतात हे खडूनं दाखवता येत नाही. बोलीभाषेचा उच्चार छापील पानावर ऐकू येत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पण पुरस्काराच्या नावातच 'शिक्षक' आहे, हे आपल्या धोरणकर्त्यांनी नीट वाचलं असं दिसत नाही.

एकच उदाहरण देतो. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्यातून ससाण्याचं पीस एकदम सोडलं. त्याचं चित्रण उपलब्ध आहे. सरळ लावलं तर ती गंमत होते. पण हात उघडण्याच्या क्षणाआधी फीत थांबवा. प्रत्येकानं वहीत लिहायचं, आधी काय पडेल, आणि का. तीन मिनिटं द्या. कुणी म्हणेल हातोडा, कुणी म्हणेल चंद्रावर काही पडतच नाही, दोन मुलं भांडतील. भांडू द्या! मग बटण दाबा. दोन्ही वस्तू एकदम खाली येतात, तेव्हा त्या मुलांना जे दिसतं ते नुसतं बघणाऱ्याला दिसत नाही.

ती तीन मिनिटं फितीत भरून मिळत नाहीत. वर्गातला कलकलाट ऐकून 'पडतच नाही' म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न कोण विचारणार? एकशिक्षकी शाळेत गुरुजींपुढं चार इयत्ता बसलेल्या असतात. तिसरीला गणित घालेपर्यंत पहिली-दुसरी पडद्यासमोर बसवली जाते, आणि गुरुजींचा तरी त्यात काय दोष? जिथं दुसऱ्या शिक्षकाची गरज आहे तिथं आपण पडदा पाठवतो आणि अहवालात 'डिजिटल शाळा' लिहितो. शहरातल्या महागड्या शाळेत पडदाही असतो आणि मुलाच्या चुकीकडे वळून बघायला बाईही असतात. वाडीवरच्या मुलाच्या वाट्याला पडदाच, तोही वीजबिल भरलेलं असेल तर.