घरांतील वाङ्मयशिक्षण आणि वाचनाची गोडी

मुलें वाचीत नाहींत, ही तक्रार आज मध्यम वर्गाच्या बहुतेक घरांत ऐकूं येते, आणि दोष कोणाचा हेंही तिच्यामागोमाग ठरलेलें असतें. पूर्वीं तो सिनेमाचा होता, पुढें दूरदर्शनचा झाला, हल्लीं मोबाइलचा आहे. या आरोपींची वकिली करण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु ज्या घरांत पुस्तकांचें कपाट आहे, आईबाप स्वतः वाचणारे आहेत आणि मुलास वाङ्मयाची गोडी लागावी अशी ज्यांची मनापासून तळमळ आहे, त्याच घरांतील मूल बाराव्या-तेराव्या वर्षीं पुस्तक पाहतांच कपाळास आंठ्या घालूं लागतें, तेव्हां सारा दोष यंत्राच्या माथीं मारून चालावयाचें नाहीं. अशा घरांत पुष्कळदां गोडी लावण्याच्या खटाटोपानेंच गोडी मेलेली असते, असें आमचें मत आहे. तेंच येथें थोड्या विस्तारानें मांडावयाचें आहे.

प्रश्न क्षुल्लक नाहीं. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांतील पुष्कळ मुलें आज इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात. २०२० सालच्या कायद्यानें महाराष्ट्रांतील शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला. २०२४ च्या ऑक्टोबरांत मराठीस अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. पण सक्तीनें विषय शिकवितां येतो, आवड लावितां येत नाहीं. अशा मुलांची मराठी वाङ्मयाशीं खरी गांठ पडावयाची ती घरींच. इंग्रजी पुस्तकाचा कंटाळा आलेल्या मुलास शाळा, सोबती आणि बाजार हे तिघेही पुन्हां त्याकडे ओढून नेतात. मराठी पुस्तकाचा कंटाळा आलेल्या मुलास परत आणणारें तसें कोणतेंच बळ नाहीं. घरचें दार एकदां लागलें कीं तें लागलेंच.

मग बिघडतें कोठें? शाळेंत परीक्षा असते, म्हणून धड्याखालीं स्वाध्याय असतो, आणि दहावीच्या मुलास कवितेचें रसग्रहण गुणांसाठीं लिहावें लागतें. शाळेची ही निकड आम्ही समजूं शकतों. भरल्या वर्गांत कोणास किती समजलें हें पाहण्यास तिला कांहीं माप हवेंच. विशेष हें कीं, त्याच शाळेच्या पुस्तकांत ‘स्थूलवाचन’ म्हणून निराळे पाठ असतात. म्हणजे सर्व वाचन एकाच तऱ्हेनें करावयाचें नसतें, हें पाठ्यपुस्तक करणारांसही ठाऊक आहे. घर मात्र तें विसरतें. गोष्ट संपते न संपते तोंच आई विचारते, ‘यांतून तूं काय शिकलास?’ बाबा मध्येंच थांबवून म्हणतात, ‘या शब्दाचा अर्थ सांग पाहूं.’ पाहुणे आले कीं मुलास उभें करून कविता म्हणावयास लावतात. घरास या मापाची कांहींएक गरज नसतां तें शाळेचें माप उसनें आणतें, आणि मूल लवकरच असा हिशेब बांधतें कीं प्रत्येक पुस्तकाच्या मागें एक प्रश्नपत्रिका दबा धरून बसलेली आहे. पुस्तक उघडलें नाहीं म्हणजे प्रश्नही नाहींत, हें त्याचें अनुमान चुकीचें कोण म्हणेल?

याचें बोलकें उदाहरण ‘श्यामची आई’ हें आहे. साने गुरुजींनीं हें पुस्तक १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें व १९३५ सालीं तें प्रसिद्ध झालें. मराठी घरांत मुलाच्या हातीं मुद्दाम दिलें जाणारें याइतकें दुसरें पुस्तक क्वचितच असेल. पण बहुधा तें दिलें जातें उपदेशासाठीं: पहा, श्याम आईचें कसें ऐकत असे! आतां मूळ ग्रंथ उघडून पाहावा. त्याचे भाग धडे नसून रात्री आहेत, एकंदर ४२ रात्री. दिवसाचें काम आटोपल्यावर आश्रमांतील सोबती जमतात आणि श्याम त्यांस आठवणी सांगतो. ऐकणारे आपण होऊन येतात. दुसऱ्या दिवशीं कोणी त्यांची उजळणी घेत नाहीं. श्याम हा आज्ञाधारक बालकाचा पुतळा तर मुळींच नाहीं. पोहावयास जाण्याच्या भीतीनें तो लपून बसतो आणि आईचा मार खातो. पुस्तकांच्या लोभानें तो चोरीसुद्धां करतो. या शेवटच्या प्रसंगांतून उपदेशप्रिय पालक ‘चोरी करूं नये’ एवढेंच काढून घेतात. आमच्या मतें त्यांत दुसरी एक गोष्ट तितकीच मोलाची आहे: पुस्तकांची भूक एखाद्या मुलास किती अनावर होऊं शकते, हें तेथें दिसतें. ज्याच्या ठायीं ती भूक आहे त्यास चोरीचें पाप समजावितां येतें. भूकच मेली, तर समजाविण्यासारखें उरतें काय?

ग्रंथांत उपदेश नाहीं असें नव्हे. पुष्कळ ठिकाणीं तो उघड आहे, आणि त्यांत अश्रूंचा अतिरेक होतो हा आक्षेपही निराधार नाहीं. परंतु उत्तम प्रसंगांत त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. न्हाल्यावर पायांस माती लागूं नये म्हणून श्याम हट्ट धरतो, तेव्हां आई त्याच्या पायांखालीं आपलें वस्त्र पसरते. मनास घाण लागूं न देण्याविषयीं ती बोलते तें त्यानंतर. आधीं माया, मग शब्द. आपल्या घरांत हा क्रम उलटतो, म्हणून तोच शब्द कानांस टोचतो. ‘मुकी फुलें’ या प्रकरणांत कळ्या आधींच खुडून आणणाऱ्या मुलास आई समजाविते कीं फुलांस झाडावर उमलूं द्यावें. पुस्तक मुलाच्या मनांत उमलण्यापूर्वींच त्याचें तात्पर्य खुडणाऱ्या पालकांनीं हें प्रकरण मुलास देण्याआधीं स्वतः वाचावें, एवढीच आमची सूचना आहे.

यावर कोणी म्हणेल, पूर्वीं तर मुलांकडून पाठांतराचा केवढा रगाडा उपसून घेत! तरी ती पिढी वाचणारी निघालीच ना? हा आक्षेप विचारणीय आहे. पण त्यांत दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. तिन्हीसांजेला म्हटली जाणारी रामरक्षा किंवा मनाचे श्लोक यांचा अर्थ मुलास सहसा कोणी विचारीत नसे. नाद आधीं मुरे, अर्थ मागाहून सावकाश येई. चातुर्मासांत श्रीधराचा ‘पांडवप्रताप’ वाचला जाई. मुलें ऐकत, कांहीं झोपींही जात, आणि तरी १७१२ सालच्या त्या ओव्यांतून भीम-अर्जुन त्यांच्या ओळखीचे होत. ज्या ठिकाणीं मात्र मोरोपंतांच्या आर्या छडीच्या धाकाखालीं अन्वय लावण्यासाठीं पुढें ठेविल्या गेल्या, त्या ठिकाणीं पंतांविषयीं जन्माची धास्ती तेवढी शिल्लक राहिली. पाठांतर हें गोडीचें वैरी नव्हे. भीति ही वैरी होय.

मग आईबापांनीं हात जोडून स्वस्थ बसावें काय? मुळींच नाहीं. मुलास वाचतां येऊं लागलें म्हणून त्यास वाचून दाखविणें बंद करूं नये; उलट रंगांत आलेल्या जागीं थांबून पुस्तक तेथेंच ठेवून उठावें. पुढचें पान कोणाकडून उलटवून घ्यावें लागत नाहीं. शब्दाचा अर्थ मुलानें विचारल्यास एका वाक्यांत सांगावा, व्याख्यान देऊं नये. न आवडलेलें पुस्तक अर्ध्यावर टाकण्याची मुभा असावी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दहाव्यांदा वाचणाऱ्या किंवा ‘किशोर’चे जुने अंक पुन्हां पुन्हां चाळणाऱ्या मुलाकडे पाहून नाक मुरडूं नये. हलकें वाचून अभिरुचि बिघडेल, ही भीति आम्हांस पोकळ वाटते. अभिरुचि तुलनेनें येते, आणि तुलनेस पुष्कळ वाचलेलें असावें लागतें. बोलावयाचें तर सहवाचक म्हणून बोलावें: आपलें मत सांगावें, आणि मुलानें तें खोडून काढलें तर आनंद मानावा.

कांहीं ग्रंथ शिकविल्यावांचून उघडत नाहींत, हें मान्य केलेंच पाहिजे. ज्ञानेश्वरीची भाषा सातशे वर्षांहून अधिक जुनी आहे. ती मुलापुढें नुसती ठेवून भागणार नाहीं. तेथें अडणारे दोन-तीन शब्द आधींच सांगावे, मग ओवी मोठ्यानें दोनदां वाचावी, आणि थांबावें. कुलूप असेल तेथेंच किल्ली लावावी. उघड्या दारास ती लावीत बसूं नये.

घरांतील या शिक्षणास परीक्षा नाहीं, म्हणून त्याचें फळ कशानें ओळखावें हा प्रश्न उरतो. आमचें उत्तर साधें आहे. पंधराव्या वर्षीं मूल आपण होऊन आईबापांस म्हणूं लागलें कीं ‘हें पुस्तक तुम्ही वाचाच,’ तर तें शिक्षण सफळ झालें असें खुशाल समजावें. आणि मग तें पुस्तक आईबापांनीं खरोखरच वाचलें पाहिजे.