कला, व्यवसाय आणि संज्ञापन : ‘सिटिझन केन’च्या अनुषंगाने अमेरिकी चित्रपटाचा विचार

प्रस्तावना

चित्रपट ही कला आहे, तो व्यवसाय आहे आणि ते संज्ञापनाचे माध्यमही आहे, हे विधान आता पाठ्यपुस्तकांत रूढ झाले आहे. प्रत्यक्ष अभ्यासात मात्र या तिन्ही अंगांची वाटणी झालेली दिसते. कलासमीक्षक शैलीचे विवेचन करतो, वाणिज्याचा अभ्यासक गल्ल्याचा हिशेब मांडतो आणि संज्ञापनाचा अभ्यासक प्रेक्षकांवरील परिणाम तपासतो. या वाटणीमुळे अमेरिकी चित्रपटाच्या आकलनात जी उणीव राहते, ती ऑर्सन वेल्स दिग्दर्शित ‘सिटिझन केन’ (१९४१) या चित्रपटाच्या आधारे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा चित्रपट सामान्यतः एका तरुण प्रतिभावंताची एकहाती निर्मिती म्हणून शिकवला जातो. म्हणूनच तो या चर्चेसाठी निवडला आहे.

करार आणि शैली

१९३९ मध्ये आरकेओ या स्टुडिओचे अध्यक्ष जॉर्ज शेफर यांनी चोवीस वर्षांच्या वेल्स यांच्याशी करार केला. वेल्स यांना चित्रपटाचा अनुभव जवळजवळ नव्हता. त्यांचे नाव रंगभूमीवर आणि नभोवाणीवर झालेले होते. कथा आणि अंदाजपत्रक यांना स्टुडिओची संमती आवश्यक होती; परंतु चित्रपटाच्या अंतिम संकलनाचा अधिकार वेल्स यांच्याकडे राहिला. त्या काळातील हॉलिवूडमध्ये ही सवलत अपवादात्मक होती. ‘सिटिझन केन’च्या शैलीची चर्चा कॅमेऱ्यापासून सुरू करण्याची प्रथा आहे. वस्तुतः ती या करारापासून सुरू व्हावयास हवी.

छायाचित्रकार ग्रेग टोलँड यांनी जवळची आणि दूरची वस्तू एकाच चौकटीत सुस्पष्ट दिसेल अशी दृश्ये घेतली. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझाँ यांनी या पद्धतीत वास्तववादाची एक नवी शक्यता पाहिली : दृश्याचे तुकडे न पाडल्यामुळे कोठे पाहावे हे प्रेक्षक स्वतः ठरवू शकतो. हे विवेचन मौलिक आहे, तथापि अपुरे आहे. सुझनच्या आत्महत्येच्या प्रयत्नाचे दृश्य पाहावे. पुढे पेला आणि औषधाची बाटली, मध्ये अंथरुणावरील सुझन आणि मागे दार, असे तीन स्तर तेथे एकत्र दिसतात. मात्र ते एकाच वेळी टिपलेले नाहीत. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून ते साधलेले आहे. अन्य अनेक दृश्यांतही स्टुडिओच्या विशेष दृश्यपरिणाम विभागाचे कसब आहे. हा विभाग ‘किंग काँग’ (१९३३) सारख्या व्यावसायिक चित्रपटांमुळे सज्ज झालेला होता. झनाडू या केनच्या प्रासादाची भव्यता मोठ्या प्रमाणावर अंधार आणि रंगविलेली चित्रे यांतून निर्माण झाली. कारण तेवढे नेपथ्य उभारणे अंदाजपत्रकात बसणारे नव्हते. केनचे एकाकीपण सूचित करणारा तो काळोख काही अंशी काटकसरीचाही परिणाम आहे. यामुळे त्याचे कलामूल्य उणावत नाही. मात्र कलावंताच्या अंतःप्रेरणेइतकेच कारखान्यातील साधन आणि हिशेबनीस यांनाही शैलीच्या जडणघडणीत स्थान असते, हे त्यातून लक्षात येते.

याची उलट बाजू वेल्स यांच्याच पुढील चित्रपटात दिसते. ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’ (१९४२) च्या वेळी अंतिम संकलनाचा अधिकार त्यांच्याकडे उरला नव्हता. ते ब्राझीलमध्ये असताना स्टुडिओने चित्रपटाचा ४० मिनिटांहून अधिक भाग कापला आणि नवा शेवट जोडला. कापलेला भाग पुढे नष्ट करण्यात आला. दिग्दर्शक तोच, कंपनी तीच. बदलली ती कराराची अट. प्रतिभेच्या निकषावर या दोन चित्रपटांची तुलना करणाऱ्या समीक्षकाने ही अट विचारात घेतली नाही, तर त्याचा निष्कर्ष सदोष ठरतो.

संज्ञापनाविषयीचा चित्रपट

‘सिटिझन केन’चा विषयच मुळी संज्ञापन हा आहे. केनच्या मृत्यूनंतर लगेच एक वृत्तपट दाखवला जातो आणि काही मिनिटांत त्याचे सारे सार्वजनिक आयुष्य सांगून संपवतो. ‘द मार्च ऑफ टाइम’ या तत्कालीन लोकप्रिय वृत्तपटमालिकेचे ते विडंबन आहे. सर्व माहिती मिळूनही माणूस कळला नाही, ही त्या वृत्तपटाच्या संपादकाची तक्रार असते. तेथूनच वार्ताहर थॉम्पसनचा शोध सुरू होतो. थॅचरच्या आठवणी आणि बर्नस्टीन, लेलँड, सुझन व खानसामा रेमंड यांची कथने यांतून वेगवेगळा केन समोर येतो. माहितीची विपुलता म्हणजे ज्ञान नव्हे, हा विचार येथे संवादांपेक्षा रचनेतून व्यक्त झाला आहे.

न्याहारीच्या टेबलावरील सुप्रसिद्ध दृश्यमालिकेत केन आणि एमिली यांच्या वैवाहिक आयुष्याची अनेक वर्षे अवघ्या दोन-अडीच मिनिटांत सरतात. शेवटी दोघे निःशब्द बसतात आणि एमिलीच्या हातात प्रतिस्पर्धी वृत्तपत्र असते. लाखोंशी बोलणाऱ्या संपादकाचा घरातील संवाद संपला आहे, हे दाखविण्यास एकही शब्द लागत नाही. सुझनच्या गायनावरील लेलँडचे प्रतिकूल परीक्षण केन त्याच सुरात स्वतः पूर्ण करतो आणि त्याच वेळी लेलँडला नोकरीवरून काढतो. सत्य छापण्याचा अभिमान आणि सत्य सांगणाऱ्याला शासन, या दोन्ही गोष्टी मालकाच्या एकाच हातात एकवटतात.

वितरणाची सत्ता

पडद्यावरील हा विषय पडद्याबाहेरही घडला. केनच्या व्यक्तिरेखेत वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांचे साम्य उघड होते. हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांनी चित्रपटाच्या जाहिराती नाकारल्या. मेट्रो-गोल्डविन-मेयरचे प्रमुख लुई बी. मेयर यांच्या वतीने सुमारे ८ लाख डॉलर देऊन चित्रपट नष्ट करण्याचा प्रस्ताव शेफर यांच्यापुढे ठेवण्यात आला. शेफर यांनी तो फेटाळला. परंतु न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलने चित्रपट लावण्यास नकार दिला आणि अन्य कंपन्यांच्या चित्रपटगृहांनीही टाळाटाळ केली. १ मे १९४१ रोजी आरकेओच्याच पॅलेस चित्रपटगृहात तो प्रथम प्रदर्शित झाला. अनेक समीक्षकांनी गौरव केला, ऑस्करची नऊ नामांकने मिळाली. पारितोषिक मात्र केवळ मूळ पटकथेसाठी लाभले. स्टुडिओला सुमारे दीड लाख डॉलरचा तोटा झाला.

या अपयशाचे खापर प्रेक्षकांच्या अभिरुचीवर फोडणे सोपे आहे. पण प्रेक्षकापर्यंत जे पोचूच दिले गेले नाही, त्याच्या स्वीकार-अस्वीकाराचा निवाडा कसा करावयाचा? पाच मोठ्या कंपन्यांकडे निर्मिती, वितरण आणि प्रमुख चित्रपटगृहे ही तिन्ही असल्याने गल्ला हा लोकमताचा शुद्ध आरसा नव्हता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये पॅरामाउंट खटल्यात या एकत्रीकरणाविरुद्ध निर्णय दिला आणि कंपन्यांना चित्रपटगृहांपासून फारकत घ्यावी लागली.

कीर्तीचा प्रवास

‘साईट अँड साऊंड’ या ब्रिटिश नियतकालिकाच्या १९५२ मधील समीक्षक-मतनोंदणीत ‘सिटिझन केन’ पहिल्या दहांतही नव्हता. १९६२ मध्ये तो पहिला आला आणि २००२ पर्यंतच्या प्रत्येक दशवार्षिक नोंदणीत पहिलाच राहिला. २०१२ मध्ये तो दुसऱ्या, तर २०२२ मध्ये तिसऱ्या स्थानी गेला. १९५२ ते १९६२ या काळात चित्रपटात काहीच बदलले नव्हते. फ्रान्समधील समीक्षेने त्याचे मोल मांडले होते आणि पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास आरकेओच्या चित्रपटांचा संग्रह दूरचित्रवाणीसाठी विकला गेल्याने तो घरोघर पोचला होता. अभिजाततेच्या घडणीत समीक्षेइतकाच विक्रीच्या या व्यवहाराचाही वाटा आहे.

कर्तृत्वाचा वादही येथे बोधप्रद आहे. पॉलीन केल यांनी १९७१ मध्ये पटकथेचे श्रेय प्रामुख्याने हर्मन मँकिविझ यांना दिले. रॉबर्ट कॅरिंजर यांनी पटकथेच्या क्रमवार मसुद्यांचा अभ्यास करून वेल्स यांचा वाटाही भरीव असल्याचे १९८५ मध्ये दाखवले. कॅरिंजर यांचे सामर्थ्य त्यांच्या साधनांत आहे : त्यांनी स्टुडिओची कागदपत्रे वाचली.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, कला, व्यवसाय आणि संज्ञापन ही चित्रपटाची तीन स्वतंत्र दालने नाहीत. करार शैलीत उतरतो, वितरण अभिरुची घडवते आणि विषय स्वतःच्या प्रदर्शनाची वाट अडवू शकतो. हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. १९४८ च्या निर्णयानंतरचे पॅरामाउंट निर्बंध २०२० मध्ये न्यायालयाने संपुष्टात आणले. आज काही मोठ्या कंपन्या चित्रपट निर्माण करतात आणि स्वतःच्याच व्यासपीठावरून तो थेट घरात पोचवतात. अशा वेळी विद्यार्थ्याला केवळ ‘चित्रपट कसा आहे’ एवढेच विचारावयास शिकवणे पुरेसे नाही. तो कोणत्या अटींवर घडला, कोणाच्या हातून आला आणि कोणते चित्रपट आपल्यापर्यंत आलेच नाहीत, हे प्रश्नही रसग्रहणाचाच भाग मानले पाहिजेत. ‘अँबरसन्स’चा नष्ट झालेला भाग कोणतीही समीक्षा परत आणू शकत नाही, तो का नष्ट झाला, हे समजून घेणे मात्र तिच्या आवाक्यात आहे.