दिसते, पण सापडत नाही

विज्ञानावर मराठीत लिहिणारे अनेक शिक्षक आणि संशोधक स्वतःचे संकेतस्थळ चालवतात. वर्षानुवर्षांचे लेखन तेथे एकत्र मिळते, ही मोठीच सोय आहे. अशा स्थळाच्या माथ्यावर बहुधा तीन सुविधा असतात: अक्षरे लहानमोठी करणे, भाषा निवडणे आणि शोध घेणे. मराठीच्या कसोटीवर या सुविधा कितपत उतरतात, ते पाहू.

प्रथम अक्षरे. येथे खरी प्रगती झाली आहे. पूर्वी श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटांच्या संकेतपद्धती वेगवेगळ्या असत. नेमका तोच फाँट आपल्या संगणकावर नसला, की मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. पुढे विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा फाँट मिळू लागला, आणि एकदा लिहिलेले देवनागरी कोठेही वाचता येण्याची वाट मोकळी झाली. तरीही जुने लेख चढवताना पानांची छायाचित्रे टाकण्याची सवय सुटलेली नाही. आपल्या डोळ्यांना तेथे लेख दिसतो. संगणकाच्या लेखी ते केवळ चित्र असते. अक्षरे मोठी केली की ओळ पडद्याबाहेर जाते. आणि चित्रातली अक्षरे ओळखून घेतली नसतील, तर त्यातला एकही शब्द शोधता येत नाही.

दुसरी सुविधा भाषेची. 'मराठी'वर बोट ठेवले की पुष्कळदा फक्त मथळे बदलतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट वाचकाला दिसत नाही. प्रत्येक पानाच्या अंतरंगात ते कोणत्या भाषेत आहे, याची नोंद असते. स्थळाचा साचा इंग्रजीसाठी बनवलेला असेल, तर मजकूर मराठी असूनही ती नोंद 'इंग्रजी' अशीच राहून जाते. काही फाँट ही नोंद पाहून मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' दाखवतात. ते मग हिंदी वळणाचे दिसतात. हे फार तर सौंदर्याचे नुकसान. पण अंध विद्यार्थ्याला पान वाचून दाखवणारी प्रणालीही कोणता आवाज वापरायचा हे याच नोंदीवरून ठरवते. त्याच्यासाठी हा प्रश्न लेख कळण्या-न कळण्याचा आहे.

तिसरी सुविधा शोधाची, आणि खरी निराशा येथेच आहे. साधी शोधयंत्रणा शब्दाचा अर्थ जाणत नाही. अक्षरांच्या संकेतांची रांग रांगेशी जुळते का, एवढेच ती पाहते. आता 'वीज' हा शब्द शोधून पाहा. 'विजेचा दाब', 'विजेवर चालणारा पंप' यांपैकी काहीच हाती लागणार नाही, कारण विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वीच 'वी' ऱ्हस्व झाला. बरे, नुसते 'विज' शोधावे, तर 'विजय' सापडेल. इतकेच नव्हे, 'विज्ञान'ही सापडेल. कारण युनिकोडमध्ये 'ज्ञ' म्हणजे ज, हलन्त आणि ञ. 'कापूस' शोधल्यास 'कापसाचे तंतू' निसटतात आणि नुसते 'काप' शोधल्यास कापड, कापणी आणि कापूर पुढे येतात.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल, की हे सारे शाळेत शिकवलेले सामान्यरूप आहे. इंग्रजीतही शब्दांना प्रत्यय लागतात, पण ते छाटण्याची एक सुटसुटीत रीत मार्टिन पोर्टर यांनी १९८० साली प्रसिद्ध केली आणि ती सर्वत्र रुळली. मराठीत नुसत्या छाटणीने भागत नाही. 'पाण्यात'मधला 'त' काढला तरी 'पाण्या' उरते. तेथून 'पाणी'पर्यंत पोहोचायला व्याकरण लागते.

यात लेखनभेदांची भर पडते. 'ॲसिड'मधील 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली; त्याआधीच्या मजकुरात तो 'अ' आणि अर्धचंद्र असा जोडून येतो. 'ताऱ्यांचे' हा शब्द 'ऱ' हे अक्षर वापरून लिहिता येतो, तसाच साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही. पडद्यावर दोन्ही सारखेच. यंत्राला ते दोन वेगळे शब्द. शिवाय १९६२ च्या लेखननियमांपूर्वीचा मजकूर असेल, तर तेथे 'घरात'च्या जागी 'घरांत' भेटतो.

मोठी शोधयंत्रे यातील काही अडचणींवर बऱ्यापैकी मात करतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु एका व्यक्तीच्या स्थळावरील शोधाची चौकट बहुधा इतकी हुशार नसते. परिणाम असा, की विजेवर दहा लेख असताना 'काहीही सापडले नाही' असे उत्तर मिळते. विद्यार्थी ते खरे मानतो. मराठीत या विषयावर काही नाही, असा ग्रह करून घेतो आणि इंग्रजीकडे वळतो. लेखकाने वेळ काढून केलेले काम असून नसल्यासारखे होते. अक्षर जरा बेढब दिसले तर वाचक चालवून घेतो. न सापडलेला लेख मात्र त्याच्यापुरता लिहिलाच गेलेला नसतो.

छापील पुस्तकांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला होता. चांगल्या ग्रंथाच्या शेवटी सूची असते. ती करणारा माणूस 'विजेचा', 'विजांचा' ही सारी पाने 'वीज' याच शब्दापुढे मांडतो. संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी तेवढे जरी केले, प्रत्येक लेखाखाली आठदहा मुख्य शब्द मूळ रूपात आणि प्रचलित लेखनभेदांसह दिले, तरी बराच फरक पडेल. त्याला खर्च नाही, संगणकशास्त्राचे ज्ञानही नको.

शिक्षकांना यातून एक चांगला उपक्रम मिळतो. नववीच्या मुलांना विज्ञानातील दहा नामे द्यावीत: वीज, पाणी, तारा, कापूस, ऊर्जा वगैरे. त्यांची सामान्यरूपे लिहून घ्यावीत आणि मूळ शब्द शोधल्यास कोणती रूपे सापडतील, हे आधी ओळखायला सांगावे. मग एखाद्या संकेतस्थळावर पडताळून पाहावे. 'ऊर्जा'सारख्या शब्दाचा फक्त शेवट बदलतो, 'वीज'चा मात्र आरंभही बदलतो. असे का, हा प्रश्न मुलेच विचारतील. व्याकरणाचा तास आणि विज्ञानाचा तास त्या दिवशी एकच होईल. आणि आढळलेल्या त्रुटी त्या स्थळाच्या लेखकाला पत्राने अवश्य कळवाव्यात.