न्वी ए ब्रुइयार
(रात्र आणि धुके). नाझी छळछावण्यांवरील प्रसिद्ध फ्रेंच अनुबोधपट. दिग्दर्शक अलँ रेने (१९२२–२०१४). निवेदनाचे लेखन झां केरॉल ह्या कवीने केले असून संगीत हान्स आइस्लरचे आहे. १९५५ मध्ये तयार झालेला व सु. ३२ मिनिटे चालणारा हा पट १९५६ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी त्यास झां व्हिगो पारितोषिक लाभले. ओसाड छावण्यांची रंगीत दृश्ये व युद्धकालीन कृष्णधवल छायाचित्रे यांची आलटून पालटून केलेली गुंफण हे त्याच्या रचनेचे मुख्य वैशिष्ट्य होय. आक्रोश टाळणारे संयत निवेदन व त्याला साजेसे अलिप्त संगीत यांमुळे दृश्यांची भीषणता अधिकच जाणवते.

ह्या पटाच्या इतिहासात एका टोपीला विशेष महत्त्व आहे. फ्रान्समधील ल्वारे विभागातल्या एका छावणीचे छायाचित्र त्यात आहे. त्यातील पहारेकरी फ्रेंच सशस्त्र पोलीस दलातील (जांदार्मरी) असल्याचे केवळ त्याच्या ‘केपी’ ह्या टोपीवरून ओळखता येते. अभ्यवेक्षण मंडळाने त्यास हरकत घेतली. अखेर चित्रावर तुळईसारखा पट्टा रंगवून टोपी झाकण्यात आली.

झाकलेली वस्तुस्थिती मोठी होती. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये ज्यूंची नोंदणी १९४० मध्ये सुरू झाली व पॅरिसच्या पोलीस मुख्यालयात तिची कार्डसूची तयार झाली. १९४२ मध्ये व्हीशी शासनाचे पोलीसप्रमुख रने बूस्के यांनी जर्मन अधिकाऱ्यांशी सहकार्याचा करार केला. १६ व १७ जुलै १९४२ रोजी फ्रेंच पोलिसांनी पॅरिस परिसरातील सु. १३,००० ज्यूंना पकडले. त्यांत ४,००० हून अधिक मुले होती. अनेक कुटुंबांना व्हेल दीव्ह ह्या क्रीडागारात व तेथून ल्वारेमधील पितीव्हिए आणि बोन-ला-रोलांद छावण्यांत नेण्यात आले. मातांची पाठवणी आधी झाली; मुले मागाहून ऑश्विट्सला गेली. युद्धकाळात फ्रान्समधून सु. ७६,००० ज्यू हद्दपार करण्यात आले.

तथापि सारा दोष अभ्यवेक्षकांच्या माथी मारता येत नाही. निवेदनात पितीव्हिए व व्हेल दीव्ह यांची नावे येतात. परंतु तेथील लोकांना पकडले कोणी, हे सांगितलेले नाही. वाक्यांत बळी आहेत, कर्ता नाही. ‘ज्यू’ हा शब्दही निवेदनात एकदाच, ॲम्स्टरडॅमच्या एका विद्यार्थ्यासंबंधी येतो. शीर्षकाचा उगम ७ डिसेंबर १९४१ च्या जर्मन आदेशात आहे व तो आदेश व्याप्त देशांतील प्रतिकारकांविरुद्ध होता. केरॉल स्वतः प्रतिकारक म्हणून माउटहाउझेन-गूझेन छावणीत बंदिवान होता. प्रतिकारकाच्या दुःखाची भाषाच येथे सर्व बळींसाठी वापरली गेली. त्यामुळे आवाहनाला व्यापकता आली. पण वंशावरून मारल्या गेलेल्यांचे वेगळेपण पुसट झाले. शेवटी छावणीचे अधिकारी जबाबदारी नाकारतात, तेव्हा जबाबदार कोण असा प्रश्न निवेदक करतो. कार्डसूची ठेवणारा व दार ठोठावणारा फ्रेंच शिपाई त्या प्रश्नाच्या कक्षेबाहेरच राहतो.

मार्सेल ओफ्यूल्सच्या ल शाग्रँ ए ला पित्ये (१९६९) ह्या पटाने सहकार्याचा विषय उघडपणे मांडला. फ्रेंच दूरचित्रवाणीवर मात्र तो १९८१ पर्यंत दाखविला गेला नाही. १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाक शिराक यांनी फ्रेंच राज्याची जबाबदारी जाहीरपणे मान्य केली. त्यानंतर, १९९७ मध्ये, रेनेच्या पटातील टोपी पुन्हा दृश्यमान झाली. निवेदन मात्र पूर्वीचेच आहे. म्हणून हा पट छळछावण्यांइतकाच युद्धोत्तर फ्रान्सच्या अपुऱ्या स्मृतीचाही दस्तऐवज ठरतो.