अद्भुताचा करार : दशावतार, चित्रपट आणि 'कोंडुरा'

लेखकाच्या कथनावर त्याला प्रिय असलेल्या अद्भुतपटांचा काय परिणाम होतो, या प्रश्नाचा विचार करताना समीक्षा बहुधा प्रतिमांपाशी थांबते. अमुक प्रसंग तमुक चित्रपटातून आला, अमुक व्यक्तिरेखेवर तमुक नटाची छाया आहे, अशा नोंदी केल्या जातात. त्या निरुपयोगी नाहीत. परंतु त्या प्रभावाच्या पृष्ठस्तरावरील आहेत. दृश्यकलेकडून कथनकाराला प्रतिमांपेक्षा अधिक मूलभूत असे काही मिळत असते : अशक्य गोष्टीवर विश्वास ठेवण्याची रीत. पाहणाऱ्याने काय पाहायचे, काय पाहूनही न पाहिल्यासारखे करायचे, याविषयी प्रत्येक दृश्यप्रकार आपल्या प्रेक्षकाशी एक अलिखित करार करतो. हा करार लेखकाच्या कथनात उतरला की प्रभाव खोलवर गेला असे म्हणता येते. या दृष्टीने सिंधुदुर्गाचा प्रदेश विशेष विचारणीय ठरतो. अद्भुतपटाचे स्थान तेथे चित्रपटगृहाच्या कितीतरी आधीपासून दशावताराने व्यापलेले होते.

दशावताराच्या सादरीकरणाची रचना सुपरिचित आहे. जत्रेच्या रात्री प्रथम 'आड दशावतार' होतो. त्यात सूत्रधार, गणपती, सरस्वती, भटजी आणि वेद चोरणारा संकासुर येतात. त्यानंतर मुख्य आख्यान पहाटेपर्यंत चालते आणि दहीकाल्याने रात्र संपते. लिखित संहिता नसते. कथासूत्र ठरलेले असते, संवाद नट जागीच रचतो. स्त्रीभूमिका पुरुष करतात. एक लाकडी बाक सिंहासन होतो, तोच पर्वत होतो. येथे अद्भुत लपवाछपवीतून निर्माण होत नाही. रंगपटाच्या कडेला उभी राहून मुले नटाच्या चेहऱ्यावर रंग चढताना पाहतात आणि थोड्या वेळाने त्याच नटाला विष्णू म्हणून हात जोडतात. हा माणूस आपल्या शेजारच्या गावचा आहे आणि हा देव आहे, ही दोन्ही ज्ञाने एकाच वेळी जागी असतात व एकमेकांना बाधा आणत नाहीत. अद्भुताच्या वाङ्मयात नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक स्पष्टीकरणांमध्ये होणारी दोलायमानता महत्त्वाची असल्याचे तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये मांडले. दशावताराचा प्रेक्षक दोलायमान होत नाही. त्याची दृष्टी दुहेरी असते, आणि उजाडले की सोंग उतरणार, हे या दुहेरी दृष्टीला मिळालेले आश्वासन असते.

आरंभीच्या मराठी चित्रपटालाही हा करार सर्वस्वी अपरिचित नव्हता. दादासाहेब फाळके यांच्या 'कालियामर्दन'च्या (१९१९) प्रारंभी कृष्णाची भूमिका करणारी त्यांची कन्या मंदाकिनी प्रथम केवळ अभिनेत्री म्हणून पडद्यावर येते, चेहऱ्यावरील विविध भाव दाखवते आणि मग कृष्ण होते. 'लंकादहन'मध्ये (१९१७) अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. मात्र चित्रपटतंत्राची स्वाभाविक ओढ वेगळ्या दिशेची होती. युक्ती जितकी अदृश्य, तितका चमत्कार खरा, हा पडद्याचा करार पुढे दृढ झाला. त्यात प्रेक्षकाला दुहेरी दृष्टीची गरज उरत नाही. त्याने फक्त थक्क व्हायचे असते.

चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०–१९७६) यांच्या 'कोंडुरा' (१९६६) या कादंबरीचे वाचन या दोन करारांच्या पार्श्वभूमीवर करता येते. खानोलकर वेंगुर्ल्याच्या परिसरात जन्मले, कुडाळात राहिले. दशावतार हा या भूमीच्या सांस्कृतिक श्वासोच्छ्वासाचा भाग होता. त्यांनी कोणता प्रयोग केव्हा पाहिला, या चरित्रात्मक प्रश्नाची येथे आवश्यकता नाही. संहिता पुरेशी बोलकी आहे. घर सोडून निघालेल्या परशुरामाला समुद्राकाठी कोंडुरास्वामीचे दर्शन घडते. ब्रह्मचर्याच्या अटीवर त्याला गर्भपात घडवणारी मुळी मिळते. पुढे देवी त्याला मंदिराच्या जीर्णोद्धाराची आज्ञा करते, गाव त्याला सिद्धपुरुष मानू लागते, आणि पापाच्या संशयावरून तो जी कृती करतो तिच्यातून अनर्थ ओढवतो.

या कथेतील गूढता वातावरणनिर्मितीचे फळ आहे, असे सामान्यतः मानले जाते. ते स्पष्टीकरण अपुरे आहे. परशुरामाची शोकांतिका सोंगाच्या नियमाशी निगडित आहे. त्याला एक भूमिका मिळते. गाव तिला हात जोडते. येथपर्यंत दशावताराचा करार शाबूत आहे. परंतु या सोंगाला पहाट नाही. रंग धुऊन पुन्हा गावचा माणूस होण्याची वाट परशुरामापाशी उरत नाही, आणि स्वतःकडे दुहेरी दृष्टीने पाहण्याची शक्तीही तो गमावतो. देवीची आज्ञा आणि स्वतःच्या मनातील संशय यांतील सीमारेषा त्याला दिसेनाशी होते. उजाडले तरी सोंग न उतरवलेला नट, असे त्याचे वर्णन करता येईल. खानोलकरांनी दशावतारातून देवदेवता उचलल्या नाहीत. त्यांनी त्याचा करार उचलला आणि तो मोडल्यावर काय होते, ते कादंबरीभर पाहिले. प्रभावाचे हे रूप अनुकरणाहून निराळे आहे.

श्याम बेनेगल यांनी १९७८ मध्ये या कादंबरीवर हिंदीत 'कोंडुरा' व तेलुगूत 'अनुग्रहम्' हा चित्रपट केला तेव्हा या भेदाची कसोटी लागली. कथास्थळ आंध्रातील खेड्यात गेले. परशुरामाची भूमिका अनंत नाग यांनी केली, तर कोंडुरास्वामी अमरीश पुरी यांच्या रूपाने साकार झाला. स्वामीला चेहरा आणि देह मिळताच प्रश्नाचे स्वरूप पालटले. वाचकाला परशुरामाच्या आत राहून जे सोसावे लागते, ते प्रेक्षक बाहेरून तपासू लागतो : दर्शन खरे की भ्रम? तोदोरोव्ह यांची दोलायमानता येथे अवतरते, आणि तिचे उत्तर जमीनदारी, श्रद्धा व स्त्रीदेहावरील सत्ता यांच्या सामाजिक विश्लेषणात शोधले जाते. हे विश्लेषण समर्थ आहे, आणि त्यामुळे चित्रपट कमअस्सल ठरत नाही. माध्यमाने आपला करार कथेवर लागू केला, एवढाच याचा अर्थ.

उलट दिशेचा प्रवाह अधिक चिंतनीय आहे. दूरदर्शनवर 'रामायण' (१९८७–८८) आणि 'महाभारत' (१९८८–९०) या मालिका आल्या. आकाशात एकमेकांवर आदळणारी अस्त्रे घराघरांत पोचली. दशावतारातही 'ट्रिकसीन'युक्त नाटकांनी आपले स्थान निर्माण केले. धूर, विजेचे झोत, अदृश्य होणारी पात्रे हे प्रयोगाचे आकर्षण बनले, जाहिरातीत ठळकपणे मिरवले जाऊ लागले. याकडे केवळ भ्रष्टतेचे लक्षण म्हणून पाहणे योग्य नाही. लोककला प्रेक्षकांच्या आवडीबरोबर चालते, आणि दशावतारी नट हा उपजीविका करणारा व्यावसायिक आहे. तरीही एक हानी नोंदवली पाहिजे. दशावतारात अस्त्र शब्दाने सुटत असे. नटाला त्या अस्त्राचे वर्णन, प्रतिस्पर्ध्याचा उपमर्द, स्वतःच्या कुळाची महती, सारे तत्क्षणी रचावे लागे. संकासुराच्या मालवणी बोलीतील थट्टा आणि राजांची संस्कृतप्रचुर भाषणे यांतून भाषेचे दोन स्तर एका रात्रीत शेजारी नांदत. अस्त्र डोळ्यांना दिसू लागले की त्याचे वर्णन करण्याचे प्रयोजन उरत नाही. ज्या प्रकारात नट हाच लेखक आहे, तेथे युक्तीने वाचवलेला प्रत्येक क्षण हा रचनेचा एक गमावलेला क्षण असतो.

या प्रक्रियेचे आणखी एक वळण २०२५ मध्ये दिसले. सुबोध खानोलकर दिग्दर्शित 'दशावतार' या चित्रपटात दिलीप प्रभावळकर यांनी बाबुली मेस्त्री हा वृद्ध दशावतारी नट साकारला. सोंग आणि माणूस यांतील सीमा हाच तेथे कथेचा आधार आहे. आधुनिक दृश्यतंत्राने सज्ज असलेल्या पडद्यालाही आपल्या अद्भुतासाठी रंगपटाकडे वळावे लागले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

म्हणून प्रभावाच्या अभ्यासात साम्यस्थळांच्या याद्यांपुढे जाणे आवश्यक आहे. लेखकाने आवडत्या अद्भुतकथेतून कोणता राक्षस घेतला, यापेक्षा त्या राक्षसाकडे पाहण्याचा कोणता नियम घेतला, हे तपासावे लागेल. ज्याला नियम मिळाला, तो त्यातून आपली नवी कथा घडवू शकतो. 'कोंडुरा' हे त्याचे मराठीतील एक ठळक प्रमाण आहे. ज्याला केवळ राक्षस मिळाला, त्याला पुढच्या वेळी अधिक मोठा राक्षस आणावा लागतो.