विजेत्यांच्या घरात डोकावताना

बेंजामिन ब्लूम हे नाव शिक्षकांना नवे नाही. शैक्षणिक उद्दिष्टांचे त्यांचे वर्गीकरण बी.एड.ला आपण सर्वांनीच पाठ केलेले असते. १९८५ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे 'डिव्हेलपिंग टॅलेंट इन यंग पीपल' हे पुस्तक त्या मानाने कमी परिचित आहे.

या पुस्तकाचा आधार म्हणजे अमेरिकेतील १२० गुणवंतांच्या मुलाखती. त्यांत ऑलिंपिक जलतरणपटू आहेत, अव्वल टेनिसपटूही आहेत. त्यांच्या आईवडिलांनाही बोलते केले आहे. सुरुवातीला मूल खेळते ते गंमत म्हणून. पहिला शिक्षक प्रेमळ असतो. गोडी लागल्यावर शिस्त आणि सराव वाढतो, आणि साऱ्या घराचे वेळापत्रक त्या सरावाभोवती फिरू लागते. पहिल्या दिवसापासून विजेता घडवायला निघालेले पालक येथे क्वचितच भेटतात. पुस्तकाचा हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

मग 'असे वागा, म्हणजे मूल विजेते होईल' असे म्हणता येईल का? नाही. कारण प्रश्न विचारले ते फक्त यशस्वी झालेल्यांना. समजा, १०० विजेत्यांपैकी ९० जणांचे पालक पहाटे उठून मुलांना तलावावर नेत होते. आकडा भरघोस वाटतो. पण मागे पडलेल्या १००० मुलांपैकी ९०० जणांचे पालकही तेच करत असतील, तर? पहाटे उठण्याने फरक पडला, असे म्हणता येणार नाही. तुलनेसाठी दुसरा गट नसलेला प्रयोग आपण विद्यार्थ्याच्या प्रयोगवहीत तरी चालवून घेतो का?

शिवाय कारण कोणते आणि परिणाम कोणता? प्रोत्साहनाने मूल पुढे जाते, तसाच मुलाची प्रगती पाहून पालकांचा उत्साहही वाढतो. बालपणीच्या आठवणींवर पुढच्या यशाचा रंग चढतो, तो वेगळाच.

विजेत्यांची घरेही एका साच्यातली नसतात. एकेरीची आठ ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवणाऱ्या आंद्रे आगासीने २००९ सालच्या आत्मचरित्रात वडिलांची सक्ती आणि टेनिसचा आपल्याला वाटणारा तिटकारा, दोन्ही मोकळेपणाने सांगितले आहे.

हा केवळ संख्याशास्त्राचा वाद नाही. पालकसभेत एखाद्या विजेत्याच्या वडिलांचा दाखला दिला, की सक्तीला परवाना मिळतो. आणि मूल हरले, की दोष आईबापांच्या माथी येतो. पुस्तक जरूर वाचावे. मात्र वाचताना एक प्रश्न मनात जागा ठेवावा : अशाच घरांत वाढलेली बाकीची मुले कुठे गेली?